हळुवार स्पर्श आणि ताणलेला मेंदू : बंगळुरूच्या प्रयोगशाळांतून एका जुन्या प्रश्नाकडे

बंगळुरूच्या इंदिरानगर, कोरमंगल यांसारख्या भागांत हलक्या हाताने अंग चोळून किंवा नुसते डोक्यावर, मानेवर हात ठेवून ताण घालवून देणारी अनेक केंद्रे आहेत. ‘मज्जासंस्था शांत होते’ हा त्यांच्या जाहिरातींतला लाडका दावा. दिवसाचे दहा-बारा तास संगणकासमोर आणि उरलेले वाहतूककोंडीत घालवणाऱ्या शहरात अशा दाव्याला गिऱ्हाईक मिळाले नसते तरच नवल. मात्र ताण म्हणजे मेंदूत नेमके काय घडते, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जगाला नवे उत्तर देणाऱ्या प्रयोगशाळाही याच शहरात आहेत. होसूर रस्त्यावरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे ‘निम्हान्स’, आणि उत्तरेला कृषी विद्यापीठाच्या आवारात असलेले टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे ‘एनसीबीएस’. जाहिरात आणि प्रयोगशाळा यांच्यात रस्त्याने काही किलोमीटरचेच अंतर आहे. पुराव्याच्या बाबतीत ते किती आहे, हे पाहायचे तर थोडा इतिहास चाळावा लागतो.

‘ताण’ हा शब्द जीवशास्त्रात आला तो अभियांत्रिकीच्या अंगाने. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, विष, अतिश्रम अशी कारणे कितीही वेगळी असली तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल सारखेच असतात, असे त्यात म्हटले होते. पुढे या प्रतिसादाच्या केंद्रस्थानी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरके आली. माणसात त्यांतले प्रमुख म्हणजे कॉर्टिसॉल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की दीर्घकाळ ताणात ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, चेतापेशींच्या शाखा आखडतात. ताण मेंदूला झिजवतो, असे चित्र यातून रूढ झाले.

ते चित्र अपुरे असल्याचे बंगळुरूत दिसले. अजय व्यास, रूपश्री मित्रा, निम्हान्सचे बी. एस. शंकरनारायण राव आणि एनसीबीएसचे सुमंत्र चट्टर्जी यांचा शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रीत साधी होती. उंदरांना रोज दोन तास हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवायचे आणि हे सलग दहा दिवस करायचे. त्यानंतर मेंदूचे पातळ छेद घेऊन ते गॉल्जी पद्धतीने रंगवायचे. १८७३ सालची ही पद्धत अगदी थोड्या पेशींनाच रंग देते, पण ज्यांना देते त्यांची फांदी न् फांदी काळ्या शाईने काढल्यासारखी उठून दिसते. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. संशोधकांनी अशा एकेका पेशीच्या शाखा मोजल्या. हिप्पोकॅम्पसमध्ये त्या अपेक्षेप्रमाणे आखडलेल्या होत्या. पण भीती आणि चिंता यांच्याशी जोडलेल्या अमिग्डलामध्ये त्या वाढल्या होत्या. एकच ताण, एकाच मेंदूत, दोन शेजारच्या भागांत उलट परिणाम करत होता.

याच्यापुढचा निष्कर्ष प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. २००४ सालच्या निबंधात याच गटाने उंदरांना दहा दिवसांच्या ताणानंतर एकवीस दिवस पूर्ण मोकळीक दिली. हिप्पोकॅम्पसच्या शाखा पूर्ववत झाल्या. अमिग्डलाच्या झाल्या नाहीत, आणि उंदरांचे बिचकणेही टिकून राहिले. २००५ साली असेही दिसले की केवळ एकदाच दोन तास जखडून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी अमिग्डलाच्या पेशींत फारसे काही आढळत नाही, पण दहा दिवसांनी तेथे नवे सूक्ष्म काटे उगवलेले दिसतात. या काट्यांवरच पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. चिंतेची लक्षणेही त्याच सुमारास दिसतात. प्रसंग संपल्यावर बऱ्याच काळाने अस्वस्थता डोके वर काढते, हा मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांकडून कळणारा अनुभव येथे पेशीच्या पातळीवर दिसत होता.

नुसती विश्रांती पुरत नसेल, तर काय पुरते? निम्हान्समध्ये टी. आर. राजू, शंकरनारायण राव आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दिलेले एक उत्तर विलक्षण आहे. मेंदूतील सुखाच्या वाटेवर सूक्ष्म विद्युतअग्रे बसवून उंदरांना स्वतःच कळ दाबून तो भाग उत्तेजित करू दिला. ताणामुळे आखडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या शाखा त्यानंतर सावरल्या आणि बिघडलेली स्मृतीही सुधारली. सुखद अनुभव ही मेंदूच्या दृष्टीने केवळ चैन नसून तिचा पेशींच्या रचनेवर मोजता येण्याजोगा परिणाम होतो, एवढे यावरून म्हणता येते. मात्र या उंदरांना कोणी कुरवाळले नव्हते. त्यांना मिळाली होती ती वीज. मेंदूतल्या सुखाच्या यंत्रणेपर्यंत बाहेरून हाताने पोहोचता येते का, हा वेगळा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्वचेच्या बाजूने शोधावे लागले.

ते काम झाले स्वीडनमध्ये. १९३९ साली इंग्वे झोटरमन यांनी मांजरांच्या त्वचेतून निघणाऱ्या अतिशय बारीक तंतूंची नोंद घेतली. हलक्या स्पर्शाला ते प्रतिसाद देत, पण फार संथपणे. नंतर अनेक दशके समजूत अशी होती की माणसात हे तंतू उरलेले नाहीत. १९६०च्या दशकात उप्सालात कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वाल्बो यांनी जाग्या माणसाच्या नसेत केसाएवढी बारीक सुई सरकवून एकेका तंतूचे संकेत ऐकण्याची पद्धत बसवली. या पद्धतीने १९८८ साली चेहऱ्यावर आणि १९९३ साली हाताच्या कोपरापुढील केसाळ त्वचेत ते संथ तंतू माणसातही सापडले. त्यांना ‘सी-टॅक्टाइल’ तंतू म्हणतात.

हे तंतू किती संथ असतात, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. स्पर्शाची बारीकसारीक माहिती नेणाऱ्या जाड तंतूंभोवती मायलिनचे वेष्टन असते आणि त्यांतील संकेत सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. सी-टॅक्टाइल तंतूंना हे वेष्टन नसते. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. मनगटाजवळ कोणी बोट फिरवले तर मेंदूला ‘येथे काहीतरी लागले’ हे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कळते. संथ तंतूंची बातमी त्यानंतर जवळजवळ एक सेकंदाने पोहोचते. काय लागले, कोठे लागले, हे सांगण्यासाठी असली टपाल व्यवस्था निरुपयोगीच.

मग तिचा उपयोग काय? हाकन उलाउसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एका रुग्ण स्त्रीवर केलेल्या अभ्यासातून त्याचा धागा मिळाला. एका आजारात तिच्या नाकाखालील शरीराचे वेगवान तंतू निकामी झाले होते आणि संथ तंतू शाबूत होते. हातावर मऊ ब्रश फिरवला असता तिला अस्पष्टसे काहीतरी सुखद जाणवे. ब्रश नेमका कोणत्या दिशेने फिरला, हे मात्र सांगता येत नसे. मेंदूच्या चित्रणात स्पर्शाचा नेहमीचा भाग शांत होता आणि शरीराच्या आतल्या अवस्थेची जाणीव ठेवणारा इन्सुला हा भाग जागा झाला होता. त्वचेपासून मेंदूपर्यंत स्पर्शाची एक दुसरी, भावनेची वाट आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा पूर्वी नव्हता. २००९ साली आणखी एक गोष्ट कळली. हे तंतू सर्वाधिक संकेत सोडतात ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने त्वचेवरून काही सरकले तर. लोकांना ‘सर्वांत बरे वाटले’ असा वेगही तोच. २०१४ साली असेही दिसले की वस्तूचे तापमान त्वचेच्या तापमानाजवळ, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हा प्रतिसाद सर्वांत जोरकस असतो. झोपणाऱ्या मुलाच्या पाठीवरून आईचा हात फिरतो तो साधारण याच वेगाने आणि याच तापमानाला. भौतिकशास्त्रात असा जुळलेला आलेख दिसला की अनुनाद आठवतो. येथे उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी.

भारतीय वाचकाला यात काहीसे ओळखीचे वाटेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे समर्थन करताना म्हटले आहे की स्पर्शेंद्रियात वायूचे प्राबल्य असते आणि स्पर्शेंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून त्वचेला तेल लावावे. या वायूला आजची मज्जासंस्था ठरवण्याची घाई अनेकांना होते. ती करू नये. पण अस्वस्थतेवरचा उपाय त्वचेमार्फत करता येतो, हे निरीक्षण जुने आहे आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायकांनी ते पोथी न वाचताही पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे.

आता एक अडचण. संथ तंतूंना हवा असतो अगदी हलका स्पर्श, तर मालीश म्हटले की दाब आला. मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत मध्यम दाबाच्या मालिशीने हृदयाची गती मंदावली आणि शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी संस्थेची लक्षणे वाढली. हलक्या दाबाने तसे झाले नाही, उलट काहीसे उत्तेजनच दिसले. म्हणजे ‘हळुवार स्पर्श’ हे एकच औषध नाही. ब्रशचा स्पर्श, तळहाताचा दाब आणि नुसता स्थिर ठेवलेला हात या तीन वेगळ्या भौतिक क्रिया आहेत. त्या वेगवेगळ्या संवेदकांना जाग्या करतात. एकीचा पुरावा दुसरीच्या जाहिरातीत वापरणे, ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास चलाखी आहे.

दुसरी चलाखी कॉर्टिसॉलची. मालिशीने कॉर्टिसॉल सुमारे तीस टक्क्यांनी उतरते, असा आकडा फील्ड यांच्या २००५ सालच्या आढाव्यातून निघाला आणि जगभर पसरला. ख्रिस्तोफर मॉयर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली उपलब्ध अभ्यासांची संख्याशास्त्रीय फेरतपासणी केली. तीत हा परिणाम फारच लहान निघाला आणि बहुतेक ठिकाणी शून्यापासून वेगळा काढता येईना. एक मुद्दा येथे विसरता येत नाही. कॉर्टिसॉल दिवसभरात आपोआपच उतरत असते, आणि तुलनेला दुसरा गट नसेल तर घड्याळाचे श्रेय मालिशीला मिळते. गंमत अशी की याच मॉयर यांच्या २००४ सालच्या आढाव्यात मालिशीचा एक परिणाम ठळक होता. अनेक सत्रांनंतर चिंता आणि खिन्नता यांत होणारी घट मानसोपचारातून होणाऱ्या घटीच्या तोडीची होती. माणसांना बरे वाटते, हे खरे. त्यासाठी पुढे केलेले कारण तेवढे टिकले नाही.

आणि कॉर्टिसॉल कमी होणे हे नेहमी चांगलेच, हे तरी कोणी ठरवले? चट्टर्जी यांच्या गटाने मॅक्यूएन यांच्यासह २०१२ साली दाखवले की तीव्र ताणाच्या प्रसंगी उंदरांच्या शरीरात कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक आधीपासून जास्त असेल, तर दहा दिवसांनी अमिग्डलात होणारी काट्यांची वाढ आणि त्यासोबतची चिंता टळते. ज्याला खलनायक ठरवले गेले, ते येथे ढाल झाले होते. ‘ताणाचे संप्रेरक घालवतो’ असा फलक लावणाऱ्यांनी हा निबंध अवश्य वाचावा.

हलक्या हाताच्या उपचारांपैकी सर्वांत हलका म्हणजे क्रेनिओसॅक्रल. कवटीची हाडे एका सूक्ष्म लयीत हलतात आणि ती लय तज्ज्ञ हाताला जाणवते, ही कल्पना विल्यम सदरलँड या अमेरिकी ऑस्टिओपॅथची. जॉन अपलेजर यांनी १९७०च्या दशकात तिला आजचे रूप दिले. मोजमापाची पहिली अट पुनरावृत्ती. दोन जाणकारांनी एकाच माणसावर एकच लय मोजली तर आकडे जुळायला हवेत. १९९०च्या दशकात अशा चाचण्या झाल्या आणि आकडे जुळले नाहीत. म्हणून त्या टेबलावर पडलेल्या माणसाला आराम वाटला तर तो खोटा ठरत नाही. अर्धा तास शांत खोलीत कोणी आस्थेने डोक्याखाली हात धरला तर आराम वाटेलच. फक्त त्याचे कारण कवटीची लय आहे, असे म्हणता येत नाही.

प्रौढांवरच्या अभ्यासांत ही गुंतागुंत टळत नाही, कारण ज्याला स्पर्श होतो त्याला तो होतो आहे हे कळत असते. नवजात बाळांचे तसे नसते, आणि स्पर्शाचा सर्वांत भक्कम पुरावा तेथूनच आला आहे. आरंभ पुन्हा उंदरांपासून. सॉल शॅनबर्ग आणि सिंथिया कून यांनी १९७०च्या दशकात पाहिले की आईपासून दूर केलेल्या पिल्लांत वाढीचे संप्रेरक झपाट्याने घटते. ओल्या ब्रशने, आई चाटते त्या रीतीने पिल्लांना चोळले की ते सावरते. नुसती ऊब किंवा दूध पुरत नाही. याच धाग्यावर फील्ड यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे असे दहा दिवस मालीश करवले. मालीश झालेल्या बाळांचे वजन तुलनागटापेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पुढे या प्रकारच्या अभ्यासांच्या कडक परीक्षणात त्यांच्या पद्धतीतील उणिवाही दाखवल्या गेल्या.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. २२४ नवजात बाळांचे तीन गट केले. एकाला खोबरेल तेलाने, दुसऱ्याला खनिज तेलाने आणि तिसऱ्याला केवळ पावडर लावून मालीश केले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेल तेलाच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. चेताविकासाच्या तपासणीत मात्र तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हात तिघांनाही लागला होता, तेव्हा वजनातला फरक तेलाचा म्हणावा लागतो, हाताचा नव्हे. घराघरांतल्या आज्यांचे खोबरेलाविषयीचे मत खरे ठरले, पण लोक समजतात त्याहून वेगळ्या कारणाने.

स्पर्शाची खरी कसोटी लागली ती ‘कांगारू मातृसेवे’त. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस एदगार रेय आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांना कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. टंचाईतून निघालेला हा उपाय पुढे उपचार म्हणून सिद्ध झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक बाळे होती. जन्मवजन एक किलो ते १.७९९ किलो. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या बाळांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. यात ऊब आहे, आईचे दूध आहे, तिच्या अंगावरचे निरुपद्रवी जीवाणू आहेत आणि स्पर्शही आहे. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. पण शंभरांत जवळजवळ चार जास्तीची बाळे जगतात, तेथे त्यासाठी थांबायचे कारण नाही.

येथे इतिहास पुन्हा बंगळुरूत येतो, आणि तोही कोरमंगलमध्येच. तेथील सेंट जॉन्स संशोधन संस्थेने उत्तर कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यात ही सेवा सरकारी यंत्रणेतून सर्वदूर कशी पोहोचवावी, याचे काम हाती घेतले. हरियाणा, उत्तर प्रदेश आणि इथिओपिया येथील कामासह त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना रोज किमान आठ तास त्वचेला त्वचा लावून धरणे आणि केवळ आईचे दूध देणे, ही तेथील व्याख्या होती. भारतातल्या केंद्रांवर रुग्णालयातून घरी जाताना निम्म्याहून अधिक बाळांना हे मिळत होते. घरी गेल्यावर सात दिवसांनी कर्नाटकातले प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर आले.

दोनशेहून अधिक अभ्यासांचा २०२४ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा या आकड्याशेजारी ठेवून वाचावा. प्रौढांत स्पर्श ओळखीच्या माणसाचा आहे की व्यावसायिकाचा, याने फारसा फरक पडत नाही. नवजात बाळांत मात्र आईबापांचा स्पर्श आरोग्य कर्मचाऱ्यांच्या स्पर्शापेक्षा अधिक गुणकारी ठरतो. स्पर्श एका वेळी किती मिनिटे झाला यापेक्षा तो किती वेळा झाला, याला महत्त्व अधिक. कोप्पळच्या बाळाला म्हणूनच कोणा तज्ज्ञाच्या हाताची गरज नाही. त्याला हवी आहे रोज आठ तास मोकळी असलेली आई. तेवढा वेळ तिने बाळ छातीशी धरले तर पाणी कोणी भरायचे, भाकरी कोणी थापायच्या आणि रानातले काम कोणी उरकायचे, याचा निकाल त्या घरातच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आईला जमत नसेल तेव्हा वडील, आजी किंवा घरातले दुसरे कोणीही बाळाला असेच छातीशी धरू शकतात.